न दिलेला श्वास

एका माणसाच्या शरीरात रोग शिरला आहे. त्याला तो ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे तो सांगत नाही. तो म्हणतो, "सांगून काय करू? बिचारा उगाच काळजी करीत बसेल. जोवर हातपाय चालतात तोवर सुखाने काम करू द्या." हे बोलणे वरवर पाहता दयेचे वाटते. आपल्या घरातही म्हाताऱ्या माणसाला मोठा आजार झाला तर आपण असेच काहीसे बोलतो. पण असे बोलणारा जर त्या माणसाच्या मालकाने नेमलेला डॉक्टर असेल, रोग मालकाच्याच कारखान्यातील धुळीने झालेला असेल, आणि न सांगितल्यामुळे तो माणूस उद्या सकाळी पुन्हा त्याच धुळीत कामाला जाणार असेल, तर त्या बोलण्याला दया म्हणावे काय?

हा प्रश्न मी कल्पनेतून काढलेला नाही. तो प्रत्यक्ष घडलेला आहे आणि त्याची कागदपत्रे जगापुढे आलेली आहेत. कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतात एक खाणीचे गाव आहे. त्या खाणीत ॲस्बेस्टॉस निघत असे, म्हणून गावाचे नावच ॲस्बेस्टॉस पडले होते; २०२० साली गावकऱ्यांनी मतदान करून ते नाव टाकून दिले. ही खाण जॉन्स-मॅनव्हिल या बड्या अमेरिकन कंपनीची होती. १९४९ साली कंपनीचे डॉक्टर केनेथ स्मिथ यांनी तेथील ७०८ कामगारांच्या छातीच्या एक्स-रेचा अहवाल लिहिला. त्यांपैकी ७ जणांच्या फुप्फुसांत ॲस्बेस्टॉसच्या रोगाची सुरुवात स्पष्ट दिसत होती. अहवालात डॉक्टरांनी या माणसांविषयी जे मत दिले त्याचा आशय असा : ही माणसे अजून धडधाकट आहेत, म्हणून त्यांना रोगाची गोष्ट सांगू नये, म्हणजे ती निश्चिंत मनाने जगतील व काम करतील, आणि त्यांच्या अनेक वर्षांच्या अनुभवाचा कंपनीला लाभ होईल.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच १९४९ सालच्या फेब्रुवारीत त्याच प्रांतातील ॲस्बेस्टॉस खाणींचे सुमारे ५००० कामगार संपावर गेले होते. चार महिन्यांहून अधिक काळ तो संप चालला. पगारवाढीबरोबर त्यांची एक मागणी अशी होती की, खाणीतील व गिरणीतील धूळ हटवा. म्हणजे कामगार विचारीत होते. त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि उत्तर ज्याच्या कपाटात होते तो म्हणत होता की, त्यांच्या मनाची शांती बिघडू नये म्हणून सांगू नका!

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. तो एक खनिज दगड आहे. पण हा दगड कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत काढता येते, कापड विणता येते. तो जळत नाही, उष्णता अडवतो आणि स्वस्त पडतो. म्हणून आगगाडीच्या इंजिनांवर, गिरणीच्या बॉयलरवर, वाफेच्या नळांवर, जहाजांच्या इंजिनघरात त्याचे लेप चढले. मोटारींच्या ब्रेकमध्ये तो गेला. आणि गरिबांच्या सर्वांत जवळ तो आला सिमेंटच्या पत्र्याच्या रूपाने. ज्याला आपण नुसता 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, त्यात सिमेंटबरोबर हा तंतू मिसळलेला असतो. पांढरा, निळा व तपकिरी असे त्याचे तीन प्रकार उद्योगात वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्वच प्रकार माणसाला कर्करोग करणारे ठरवले आहेत. पांढरा तेवढा निर्धोक, हे म्हणणे टिकलेले नाही.

हा तंतू उभा चिरत जातो. चिरता चिरता इतका बारीक होतो की, डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतो. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदी तळाच्या वायुकोशांत जाऊन बसतो. साधी धूळ शरीर खोकून बाहेर टाकते, पण हा तंतू सहज निघत नाही. शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, गिळता येत नाही म्हणून मरतात, आणि त्या जागी व्रण तयार होतो. व्रणावर व्रण साठत जाऊन स्पंजासारखे मऊ फुप्फुस चामड्यासारखे कडक होते. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. प्रथम जिना चढताना धाप लागते, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी. कोरडा खोकला येतो. काहींच्या बोटांची टोके फुगतात. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि छातीच्या व पोटाच्या आतल्या अस्तराचा मेसोथेलिओमा नावाचा एक भयंकर कर्करोग होतो, जो ॲस्बेस्टॉसशिवाय क्वचितच आढळतो.

या रोगाचे सर्वांत कपटी लक्षण म्हणजे त्याची दिरंगाई. धूळ आज शिरते. ॲस्बेस्टॉसिस दिसायला बहुधा दहा-वीस वर्षे जातात, मेसोथेलिओमाला तर तीस-चाळीस वर्षेही लागतात. विळ्याने बोट कापले तर रक्त लगेच दिसते, म्हणून विळ्याची धार सर्वांना कळते. इथे कापणारा हात आणि वाहणारे रक्त यांच्यामध्ये एक अख्खे आयुष्य उभे असते. कामगार तोवर निवृत्त झालेला असतो, गावी परतलेला असतो. गावच्या दवाखान्यात कोणी विचारीत नाही की, बाबा, तुम्ही तीस वर्षांपूर्वी कोठे कामाला होता? या दिरंगाईच्या आड गुन्हा लपतो.

तो किती काळ लपवला गेला, हेही पाहिले पाहिजे. 'त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते' असे आज अनेक जण सांगतात. ते खरे नाही. १८९८ साली इंग्लंडमधील कारखाना-निरीक्षक लुसी डीन या बाईंनी या धुळीच्या काचेसारख्या टोकदार कणांविषयी आणि त्यांच्या दुष्परिणामांविषयी सरकारी अहवालात लिहून ठेवले होते. पुढे लंडनचे डॉक्टर मॉन्टेग्यू मरे यांनी सरकारी समितीपुढे आपल्या एका रुग्णाची हकीगत सांगितली. तो एका ॲस्बेस्टॉस कारखान्यात पिंजणीच्या खोलीत कामाला होता. त्याने डॉक्टरांना सांगितले होते की, त्या खोलीत आम्ही दहा जण होतो, नऊ गेले, मी एकटा उरलो आहे. मग तोही गेला.

त्यानंतरची गोष्ट नेली कर्शॉ या स्त्रीची. इंग्लंडमधील रॉचडेल गावात ती बाराव्या वर्षी गिरणीत लागली. पुढे टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत काढण्याचे काम तिने केले. १९२२ साली डॉक्टरांनी तिला कामास असमर्थ ठरवले. तिने कंपनीला पत्र लिहून विचारले की, मी इतके आठवडे घरी आहे, माझ्या प्रकरणाचे तुम्ही काय करणार? कंपनीने उत्तर दिले की, ॲस्बेस्टॉस विषारी नाही आणि असा कोणताही रोग अस्तित्वात नाही. १४ मार्च १९२४ रोजी, ३३ व्या वर्षी ती वारली. अंत्यसंस्काराच्या खर्चाला हातभार लावण्यासही कंपनीने नकार दिला, कारण दिले तर जबाबदारी कबूल केल्यासारखे होईल! डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि त्यात रुतलेले खनिजाचे कण जगाला दाखवले. ज्या रोगाला नाव नाही म्हणून तिला पैसा मिळाला नाही, त्या रोगाला १९२७ साली कुक यांनी ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिले. नाव मिळाले, पण ती कबरीत गेल्यावर. त्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

सरकारने चौकशी लावली. डॉक्टर मेरेवेदर व इंजिनिअर प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले. चौथ्या हिश्शाहून अधिक कामगारांत फुप्फुसाचा रोग निघाला. १९३० साली अहवाल आला. त्यात त्यांनी धूळ कमी करण्याचे उपाय तर सांगितलेच, पण कामगाराला धोक्याची नीट समज दिली पाहिजे असेही सांगितले. म्हणजे 'सांगा' हा सल्ला १९३० पासून छापलेला होता. तरीही १९३५ साली अमेरिकेतील दोन ॲस्बेस्टॉस कंपन्यांच्या वरिष्ठांनी एकमेकांना पत्रे लिहिली. त्यांचा आशय असा की, या विषयाबद्दल जितके कमी बोलले जाईल तितके आपल्या हिताचे. ती पत्रे चाळीसहून अधिक वर्षे कपाटात राहिली आणि १९७० च्या दशकात कोर्टातील दाव्यांमुळे उजेडात आली.

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. न सांगणे ही दया की अपराध?

आपण रोज पंचशील घेतो. त्यातील दुसरे शील अदिन्नादानाचे. त्याचा अर्थ आपण 'चोरी करणार नाही' असा पटकन सांगून मोकळे होतो. पण शब्द नीट पाहा. अदिन्न म्हणजे न दिलेले. आदान म्हणजे घेणे. जे दुसऱ्याने दिलेले नाही ते घेणे. नुसत्या 'चोरी' या शब्दापेक्षा हा अर्थ फार मोठा आहे. कामगाराने मालकाला काय दिले होते? आठ तासांचे श्रम दिले होते, हातांचे कौशल्य दिले होते, घाम दिला होता. त्याबद्दल त्याला मजुरी मिळाली. फुप्फुसे त्याने दिली नव्हती. साठाव्या वर्षी नातवाला कडेवर घेऊन जिना चढण्याची ताकद त्याने दिली नव्हती. म्हातारपणाचा श्वास हा त्या कराराचा भाग नव्हता. जो माल सौद्यात नव्हता तो गुपचूप उचलला गेला. हे अदिन्नादान नव्हे तर काय?

आणि ही उचल न सांगण्यामुळेच शक्य झाली, हे महत्त्वाचे. घरात चोर शिरला हे घरमालकाला कळले तर तो उठेल, ओरडेल, दार लावील. म्हणून चोराला अंधार लागतो. इथे अज्ञान हाच तो अंधार आहे. डॉक्टर खोटे बोलला नाही, तो फक्त गप्प राहिला. पण ज्या जागी सांगणे हे कर्तव्य आहे, आणि माणूस छाती तपासायला तुमच्यापुढे उभा आहे, त्या जागी गप्प राहून 'जा, कामाला लाग' म्हणणे हे असत्यच आहे. कामगार त्या मौनाचा अर्थ 'मी निरोगी आहे' असाच घेणार. मौनानेही खोटे बोलता येते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा : रोग बरा होत नाही, मग सांगून उपयोग काय? मज्झिम निकायातील मालुंक्यपुत्ताची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरून जाईल. तात्पर्य, निरर्थक चौकशीत वेळ न घालवता दुःख दूर करा. कोणी म्हणेल, मग धूळ कोणाची, कोणी लपवले, ही चौकशी तरी कशाला?

पण तथागतांनी नाकारली ती निरुपयोगी चौकशी. दुःखाच्या कारणाची चौकशी त्यांनी नाकारली नाही. दुःखाचे कारण शोधणे हे तर त्यांच्या शिकवणीचे दुसरे आर्यसत्य आहे. इथे बाण काढता येत नाही, हे खरे. पण बाण मारणारा अजून त्याच जागी उभा आहे, भाता भरलेला आहे, आणि समोर दुसरा माणूस येत आहे. अशा वेळी 'बाण कोठून आला' हे विचारणे निरर्थक नाही. तेच करुणेचे काम आहे.

शिवाय ज्याला बाण लागला त्यालाही कळण्याचा उपयोग आहेच. त्याला कळले तर तो धुळीतून बाहेर पडेल. जितकी धूळ अधिक शिरेल तितका रोगाचा धोका वाढतो. त्याला कळले तर तो विडी सोडील. अमेरिकेत हजारो कामगारांची पाहणी करून १९७९ साली जे निष्कर्ष छापले गेले ते असे : नुसत्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे ५ पट होतो, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११ पट, आणि दोन्ही एकत्र आली की ५० पटींहून अधिक. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. ज्या माणसाला सांगितले नाही तो धुळीच्या पाळीतून बाहेर येऊन निवांतपणे विडी पेटवतो. त्याच्या मनाची शांती राखली म्हणणाऱ्याने त्या विडीचाही हिशेब द्यावा.

आणि त्याला कळले तर तो कामाचे कपडे घरी नेणार नाही. १९६५ साली लंडनमधील मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९ रुग्ण असे होते की, ज्यांनी स्वतः कारखान्यात काम केले नव्हते, पण त्यांच्या घरातले माणूस ॲस्बेस्टॉसमध्ये कामाला होते. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. नवऱ्याचे कामाचे कपडे झटकणे आणि धुणे, एवढाच त्यांचा धुळीशी संबंध. त्याआधी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातील ३३ रुग्णांचा वृत्तांत दिला होता. त्यातही असे लोक होते की, जे खाणीत कधी उतरले नव्हते. फक्त खाणीच्या परिसरात राहिले, लहानपणी तेथे खेळले. एका माणसापासून लपवले की त्याच्या बायकोपासून आणि लेकरांपासूनही लपवले जाते. माता-भगिनींनो, तुमच्याशी तर कोणताच करार झालेला नव्हता. तुम्हाला त्या धुळीची मजुरीही मिळाली नाही.

दुसरा आक्षेप असा : कोणी बळजबरी केली होती काय? कामगार आपल्या मर्जीने कामाला आला, पगार घेतला. धोका आहे तर सोडून जावे. याचे एक उत्तर वर आलेच : जे ठाऊक नाही त्याला संमती देता येत नाही. पण समजा, त्याला सारे ठाऊक आहे आणि तरी तो घरच्या भुकेपायी ते काम घेतो. मग ती मर्जी म्हणायची काय? कोणत्या माणसाच्या वाट्याला कोणते खाते येते, हे नशिबाने ठरत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांची आठवण करा. जिथे मजुरी जास्त त्या साळखात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता, कारण धोट्यातले सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. आपली माणसे कमी मजुरीच्या खात्यांत राहिली. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तो याचसाठी. ज्याच्यापुढे एकच दार उघडे ठेवले आहे, तो त्या दारातून गेला म्हणून त्याने ते पसंत केले असे होत नाही.

आपल्या संविधानाला हे माहीत आहे. अनुच्छेद ३९ च्या (ङ) या खंडात राज्याला आज्ञा आहे की, कामगार स्त्री-पुरुषांच्या आरोग्याचा व ताकदीचा दुरुपयोग होऊ नये आणि आर्थिक गरजेपोटी नागरिकांना त्यांच्या वयाला वा ताकदीला न पेलणाऱ्या व्यवसायात शिरणे भाग पडू नये. 'आर्थिक गरजेपोटी' हे शब्द फार विचाराने घातलेले आहेत. भूक ही देखील बळजबरीच आहे, हे त्यात मान्य केलेले आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो, आणि तो सर्वांत अवघड आहे. 'हे सारे बोललो आणि कारखाना बंद पडला तर खायचे काय?' हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. पण जगाकडे पाहा. साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. ब्रिटनने १९९९ साली पांढऱ्यावरही बंदी घातली, दक्षिण आफ्रिकेने २००८ साली घातली. कॅनडातील शेवटच्या खाणी २०११ साली थांबल्या आणि २०१८ साली तिथेही बंदी आली. त्या देशांत घरांवर छपरे आहेत, गाड्यांना ब्रेक आहेत. दुसरे तंतू घालून पत्रे करता येतात. तेव्हा निवड भाकरी आणि श्वास यांच्यात नसते. निवड असते ती मालकाचा खर्च आणि कामगाराचा श्वास यांच्यात. ती आपल्यापुढे भाकरी आणि श्वास अशी मांडली जाते, एवढेच. आपल्या देशात मात्र पांढरा ॲस्बेस्टॉस अजून परदेशातून आणला जातो आणि त्याचे पत्रे बनतात. ज्या देशांनी स्वतःच्या लोकांसाठी त्याचा वापर बंद केला, त्यांतील काहींनी आपल्याकडे तो बराच काळ विकला. याला काय म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

यानंतर एक गोष्ट आपल्या मनाविषयी. माणूस धापा टाकू लागला की शेजारी म्हणतात, "भोग आहेत, मागच्या जन्मीचे." दीक्षा घेतलेल्या घरातही हे वाक्य अजून ऐकू येते. जुन्या घरातून निघताना आपण देव्हारा मागे ठेवला, पण हे वाक्य कधी गाठोड्यात आले ते कळले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे ध्यानात घ्या. दीनदुबळ्यांच्या दशेची जबाबदारी समाजाने व राज्याने झटकून टाकावी, याखेरीज त्या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. ॲस्बेस्टॉस हे त्याचे जिवंत उदाहरण आहे. त्या सात कामगारांनी मागच्या जन्मी काही केलेले नव्हते. याच जन्मी, ठरावीक कारखान्यात, ठरावीक यंत्रावर, ठरावीक धूळ त्यांच्या छातीत गेली. कारण आहे म्हणून कार्य आहे. कारण काढले तर कार्य होणार नाही. जो 'भोग' म्हणतो तो नकळत कंपनीच्या वकिलाचे काम फुकट करतो.

न्यायालयानेही हे कारण ओळखले आहे. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेच्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, ठेवण्याचा आदेश दिला. रोग सिद्ध झालेल्या कामगाराला १ लाख रुपये भरपाई ठरवली. चाळीस वर्षांची नोंद का? कारण रोगाची दिरंगाई न्यायालयाने ओळखली. तत्पूर्वी, भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात असे कलम आले होते की, धोकादायक उद्योगातील मालकाने धोक्याची माहिती कामगारांना दिली पाहिजे आणि कामगाराला स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहू दिल्या पाहिजेत. कायद्यांची नावे बदलतात, कलमांचे क्रमांक बदलतात. तत्त्व मात्र आता लपवता येणार नाही : माझ्या छातीचा एक्स-रे माझा आहे.

पण कागदावरचा हक्क मागितल्याशिवाय घरात येत नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी कराव्यात. ज्यांच्या घरातील माणूस सिमेंट-पत्र्याच्या कारखान्यात, जुन्या बॉयलरचे व नळांचे लेप काढण्याच्या कामात, जहाजे तोडण्याच्या कामात किंवा जुन्या इमारती पाडण्याच्या कामात होता वा आहे, त्यांनी कोणत्या साली, कोठे, कोणत्या खात्यात काम केले हे एका वहीत लिहून ठेवावे. धाप लागू लागली तर ती वही घेऊन दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांनी न विचारता सांगावे. क्षयाची तपासणी जरूर करावी व क्षय निघाल्यास औषध पुरे करावे. पण क्षय म्हणून औषध चालू असूनही धाप वाढतच असेल, तर धुळीच्या रोगाची तपासणी करा असा आग्रह धरावा. कारखान्यातील तपासणीचा निकाल लेखी मागावा. कामाचे कपडे कामावरच बदलावेत. तोंडाला बांधलेला रुमाल हा तंतू अडवीत नाही, हे तरुणांनी पक्के लक्षात ठेवावे. घरावरचा धड पत्रा जागच्या जागी आहे तोवर फारशी धूळ सोडत नाही. पण तो करवतीने कापू नये, भोके पाडू नयेत, फोडून भरावात टाकू नये, लेकरांना तुकड्यांशी खेळू देऊ नये. काढणे भागच असेल तर ओला करून, अखंड उतरवावा. आणि पडलेली धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

शेवटी पुन्हा त्या सात माणसांकडे येतो. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पण ती रोज सकाळी उठून डबा घेऊन कामावर जात होती, आणि त्यांच्याविषयीची सर्वांत मोठी बातमी त्यांच्याखेरीज दुसऱ्याच्या टेबलावर पडून होती. ज्याला दुसऱ्याचे दुःख ठाऊक आहे आणि ते दूर करण्याची वाटही ठाऊक आहे, त्याने सांगणे हीच मैत्री. ज्याच्यावर आपण माया करतो त्याला आपण अंधारात ठेवीत नाही. त्याचा हात धरून उजेडात आणतो. उद्या आपली मुले शिकून डॉक्टर होतील, फॅक्टरी इन्स्पेक्टर होतील, युनियनचे पुढारी होतील, काही मालकही होतील. त्यांच्याही टेबलावर असा एखादा अहवाल येईल. त्या दिवशी त्यांनी काय करावे, हे आज घरात पंचशील म्हणताना त्यांना समजावून सांगा. न दिलेले घेऊ नये. श्वास तर मुळीच नाही.